चालून कमावलेला केक

वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकांची बाजारात अशी दहशत होती, की ते कोपऱ्यावर दिसले की दुकानदारांचे अंगठे आपोआप तराजूपासून चार बोटं लांब सरकायचे. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काय काय पाहिलं नव्हतं! पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरून रंगवलेली वजनं, टेबलपंख्याचा झोत बरोबर काट्यावर येईल असा बसवणारा मासळीवाला. नियमात माफ असलेल्या चुकीपुढे एक ग्रॅम गेला, तरी साहेब काटा जप्त करायचे आणि वर दुकानदाराला पंधरा मिनिटं ऐकवायचे. "काटा खोटं बोलत नाही हो, माणूस त्याला खोटं बोलायला लावतो," हे त्यांचं वाक्य सगळ्या बाजाराला पाठ होतं.

अशा या माणसाला बेंबीपाशी हर्निया झाला. खोकला आला की लिंबाएवढा फुगा वर यायचा आणि साहेब तो हाताने दाबून धरायचे. शल्यविशारदांनी तपासलं, वजन केलं आणि सांगितलं, "एक्क्याण्णव. आठ किलो कमी करून तीन महिन्यांनी या. एवढ्या चरबीवर टाके घातले तर ते टिकणार नाहीत."

"आठच ना? करतो," साहेब म्हणाले. आठ किलो म्हणजे किती हे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तपासणीची वजनं ते रोज उचलत होते.

मेहुण्याला बातमी कळली आणि तो दुसऱ्याच दिवशी मनगटावर बांधायचं एक घड्याळ घेऊन हजर झाला. पावलं मोजणारं, ठोके मोजणारं, जाळलेल्या कॅलरी मोजणारं. त्यानेच साहेबांच्या फोनवर ते जोडून दिलं, वय, उंची, वजन भरलं. "दिवसभर काय करता?" असा प्रश्न फोनने विचारला, तेव्हा साहेबांनी स्वतः पुढे होऊन 'भरपूर हालचाल' वर बोट टेकवलं. बाजारभर फिरतो म्हणजे काय कमी हालचाल झाली? प्रत्यक्षात खात्याची गाडी त्यांना दुकानाच्या दारात सोडायची. पण ते फोनला कोण सांगणार!

फोनने रोज किती खायचं त्याचा आकडा दिला. साहेबांनी पहिल्या दिवशी संध्याकाळी तासभर चालून येऊन पाहिलं, तर खाली हिरव्या अक्षरांत नवीन ओळ उमटलेली : 'शाब्बास! तुम्ही ५४० कॅलरी जाळल्यात. आज आणखी ५४० खाऊ शकता.'

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि बायकोला हाक मारली.

"अगं, तो परवाचा केक आहे का?"

"आहे. पण तुम्ही वजन कमी करताय ना?"

"करतोयच. हा केक मी चालून कमावलाय. अधिकृत आहे."

बायको वाचनालयात काम करत होती. तिथे दिवसभरात माणसं काय काय बोलतात ते ऐकून तिला उगाच वाद न घालण्याची सवय झाली होती. तिने केक दिला.

मग साहेबांना चालण्याचा नादच लागला. सकाळी लोणी लावलेल्या दोन ब्रेडच्या कापांसाठी बागेला चार फेऱ्या. दुपारी कार्यालयाचे तीन मजले दोनदा चढून-उतरून बिस्किटांचा पुडा. बेकरीत रांगेत उभे असतानाही ते जागच्या जागी पाय उचलत राहायचे. पाळी येईपर्यंत पॅटीसमधला निदान वरचा पापुद्रा तरी वळता होईल असा हिशोब. पुढच्या बाईने वळून सांगितलं, "काका, प्रसाधनगृह मागच्या बाजूला आहे." साहेबांनी तिला घड्याळ दाखवलं. तिला काही उमजलं नाही, पण तिने त्यांना पुढे जाऊ दिलं.

हळूहळू उलटंच व्हायला लागलं. आधी चालायचं आणि मग खायचं, हे मागे पडलं. आधी खायला काय मिळणार ते बघायचं आणि मग त्यापुरतं चालायचं, असं सुरू झालं. मेहुण्याच्या घरी जेवायचं बोलावणं आलं त्या दिवशी साहेब पहाटे पाचपासून घराबाहेर होते.

महिना संपला. साहेब न्हाणीघराशेजारच्या वजनकाट्यावर ऐटीत चढले आणि त्यांनी खाली वाकून पाहिलं. एक्क्याण्णव किलो सहाशे ग्रॅम.

"काटा बिघडलाय," ते म्हणाले.

"असेल," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब खात्याच्या गाडीतून वीस-वीस किलोची चार शिक्का मारलेली वजनं आणि एक छोटी पेटी घरी घेऊन आले. ड्रायव्हरने वजनं दारात ठेवली आणि काही न विचारता निघून गेला. साहेबांनी काटा सपाट फरशीवर घेतला, पाणसळ लावून पाहिली, एकेक वजन सरकवत वर चढवलं. हे करताना हर्निया दाबून धरायला त्यांना एक हात कमी पडला, म्हणून बायकोने वाचनालयातला पुस्तकांचे गठ्ठे बांधायचा रुंद पट्टा आणून त्यांच्या पोटाला बांधला. वीसला वीस, चाळीसला चाळीस, ऐंशीला ऐंशी. पेटीतलं शंभर ग्रॅमचं पितळी वजन ठेवलं, काट्याने तेही दाखवलं. असा चोख काटा अख्ख्या बाजारात नव्हता. साहेबांच्या कपाळावर घाम फुटला.

"आता काय जप्त करणार?" बायकोने विचारलं.

"आकडा वाढतोय तो पाण्यामुळे. शरीर पाणी धरून ठेवतं," साहेब पोटाचा पट्टा सोडत म्हणाले. ज्या दुकानदाराने त्यांना असलं कारण दिलं असतं, त्याचं त्यांनी त्या दिवशी दुकान बंद करून दाखवलं असतं.

पुढच्या रविवारी आईमुळे बिंग फुटलं. साहेबांची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघे दुखत असल्यामुळे ती जेवण झालं की खिडकीशी आरामखुर्चीत बसायची ती चहापर्यंत उठायची नाही. साहेब दुपारी घड्याळ काढून झोपले होते. उठल्यावर त्यांनी फोन पाहिला तर तिथे ओळ : 'शाब्बास! २६० कॅलरी.' झोपेत एवढ्या? साहेबांना वाटलं, सकाळच्या चालण्याचे मागाहून जमा झाले असतील. यंत्र आहे, होतं मागेपुढे. त्यांनी आदल्या दिवशीचा उरलेला केक काढला, बरोबर मूठभर खारे शेंगदाणे घेतले आणि खाऊन झाल्यावर हात झटकत बाहेर आले, तो आई खिडकीशी विणत बसलेली आणि तिच्या मनगटावर ते घड्याळ.

"आई, हे तू कधी घातलंस?"

"तू झोपलास तेव्हा. भिंतीवरचं घड्याळ मला इथून दिसत नाही रे. मघापासून सारखं थरथरतंय मेलं. एकदा तर टाळ्या वाजवल्यान् त्याने."

साहेबांनी आकडा पाहिला. आईने आरामखुर्चीत बसून, स्वेटरची एक बाही विणता विणता, सव्वातीन किलोमीटर चालून दाखवलं होतं.

बायको आतून कपबशा घेऊन आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि ट्रे खाली ठेवून पोट धरून हसत सुटली. "म्हणजे विणलं आईंनी आणि खाल्लंत तुम्ही!"

आईला काही कळलं नाही, पण सून हसतेय म्हणून तीही हसली. साहेबांना मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवीस वर्षांत एकाही काट्याने त्यांना फसवलं नव्हतं, आणि हे टीचभर घड्याळ महिनाभर त्यांच्याच मनगटावर बसून त्यांना बनवत होतं. त्यांनी ते काढून कपाटात कुलूपबंद केलं.

पण माणूस एका टोकाला गेला की परतताना मध्ये थांबत नाही. साहेबांनी सोमवारी जाहीर केलं, "चालणार दुप्पट. आणि चाललेल्याचा एक कणही पोटात जाणार नाही." सकाळी अर्धी वाटी उकडलेल्या भाज्या, दुपारी एक सफरचंद, रात्री सूप. त्यावर सकाळ-संध्याकाळ मिळून चौदा किलोमीटर. बायको म्हणाली, "अहो, अंगात काही तरी जाऊ द्या." साहेब म्हणाले, "शिस्त म्हणतात याला." आठ दिवसांत पँट सैल झाली, डोळे खोल गेले आणि चिडचिड एवढी वाढली, की एका रद्दीवाल्याला त्यांनी काट्यावर धूळ आहे म्हणून झापलं.

बाराव्या दिवशी ते घाऊक धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात जमिनीत बसवलेला मोठा काटा तपासत होते. हमालांनी पोती उतरवली होती, साहेब काट्याच्या लोखंडी पत्र्यावर वाकून शिक्का न्याहाळत होते. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, गोदामाचं छप्पर एकदा गोल फिरलं आणि साहेब पत्र्यावर आडवे झाले.

व्यापारी धावला. हमाल धावले. कुणी पाणी मारलं, कुणी पुठ्ठ्याने वारा घातला. आणि तेवढ्या गडबडीतही, जन्मभराची सवय, व्यापाऱ्याची नजर वर आकड्यांच्या फलकाकडे गेली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सत्त्याऐंशी चारशे!"

साहेबांनी डोळे उघडले. "कपड्यांसकट?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"कपड्यांसकट, साहेब. बूटसुद्धा आहेत. घ्या, आधी हा गूळ तोंडात टाका."

"नको. कॅलरी..."

"साहेब," व्यापारी त्यांच्या उशाशी बसत म्हणाला, "तुम्ही आमच्या गोदामात गेलात तर पोलीस आम्हाला विचारतील. खा गुपचूप."

साहेबांनी खाल्ला. संध्याकाळपर्यंत साहेबांचं वजन बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ झालं होतं.

शल्यविशारदांनी ऐकून घेतलं आणि त्यांना एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाई तरुण होत्या. त्यांनी साहेबांचा फोन हातात घेतला, दोन मिनिटं बघितला आणि विचारलं, "'भरपूर हालचाल' कुणी लिहिलं?"

साहेबांनी छताकडे पाहिलं.

"काका, तुम्ही फोनला सांगितलंत की मी खूप हिंडतो. म्हणून त्याने तुमचं हिंडणं धरूनच रोजचं खाणं ठरवलं. वर घड्याळाने तेच हिंडणं पुन्हा मोजलं, तेही फुगवून. एकच चालणं तुम्ही दोनदा खाल्लंत."

साहेबांना हे ताबडतोब पटलं. गोणीसकट धान्य तोलायचं आणि गोणीचे पैसे वेगळे लावायचे, ही युक्ती त्यांनी किती जणांची पकडली होती.

"म्हणजे व्यायामाचं खायचं नाही. तेच तर मी करत होतो!"

"आणि गोदामात पडलात."

"मग खायचं?"

"थोडं. साधं अर्धा-पाऊण तास चाललात, तर वेगळं काही खाऊ नका, रोजच्या जेवणात ते येतं. खूप चाललात आणि खरंच भूक लागली, तर घड्याळ सांगेल त्याच्या निम्मं. अंडं खा, दही खा, फळ खा. आणि आठवडाभर वजन बघून वाटलं तर कमीजास्त करा."

"निम्मं म्हणजे नेमकं किती?" साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"अंदाजे."

हा शब्द साहेबांच्या कानाला इंगळीसारखा डसला. "बाई, मी अंदाजावर चालणारा माणूस नाही."

"तुम्ही नसाल. पण पोट अंदाजावरच चालतं. त्याला कुणी शिक्का मारलेला नाही."

साहेब घरी आले ते फुरंगटूनच. दोन दिवस त्यांनी निम्म्याचं निम्मं किती, यावर कागद खराब केले. तिसऱ्या दिवशी बायकोने फोनवरचं ते सगळं काढून टाकलं, संध्याकाळी स्वतः पायांत बूट चढवले आणि म्हणाली, "चला. मी थकले की परत फिरायचं. आल्यावर भूक असेल तर अंडं उकडते, नसेल तर नाही." साहेबांना हा नियम फारच ढिला वाटला. पण बायको थकायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात वाचनालयातल्या मंडळींचे असे एकेक किस्से तिने सांगितले, की परत येईपर्यंत भुकेचा विचार करायचं राहूनच गेलं.

तीन महिन्यांत व्हायचं ते साडेपाच महिन्यांत झालं. काही आठवडे काटा हललाच नाही. एकदा तर उलटा सरकला, तेव्हा साहेबांनी शंभर ग्रॅमचं पितळी वजन पुन्हा काढलं. बायकोने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी ते ठेवून दिलं. शेवटी त्र्याऐंशी किलो नऊशे ग्रॅमवर शल्यविशारद म्हणाले, "नऊशे ग्रॅम माफ." साहेबांना ही चूक नियमात बसत नसल्याचं चांगलंच माहीत होतं. पण त्यांनी घाईघाईने शस्त्रक्रियेची तारीख लिहून घेतली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी साहेब उशी टेकून बसले होते. शेजारच्या खाटेवर पित्ताशय काढलेला एक जाडजूड माणूस होता, शाळेत चित्रकला शिकवायचा. बोलता बोलता त्याने विचारलं, "मलाही वजन कमी करायला सांगितलंय हो. व्यायामाने जेवढं जळतं, तेवढं खाल्लं तर चालतं का?"

साहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी घसा साफ केला, टाक्यांवर हात ठेवला आणि सुरुवात केली. घड्याळं कशी फसवतात, दोनदा मोजणं म्हणजे काय, निम्मं का, आणि निम्मं म्हणजे नेमकं किती. पाऊण तास ते बोलत होते. दारातून बायको सूप घेऊन आत आली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, हळू. ते केव्हाचे झोपलेत."