पिंपांची मोजणी

एकत्रीकरण हा शब्द द्रौपदाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. मंडळाच्या अध्यक्ष सुनंदाबाईंनी तो उच्चारला तेव्हा बाकीच्या दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. द्रौपदाबाईने मात्र जाणत्यासारखी मान डोलावली. सगळा घोटाळा त्या मान डोलावण्यापासून सुरू झाला.

सुरतेत प्लेग आला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. धुळ्यातल्या काही हौशी बायकांनी मंडळ काढून तीन ठिकाणी मोठी पिंपं ठेवली होती. लोकांनी घरातली रद्दी, बाटल्या, डबे त्यात आणून टाकायचे. पिंप सांभाळणाऱ्या बाईने ते निवडायचे, भंगारवाल्याला विकायचे आणि जागा झाडून ठेवायची. चौथ्या गल्लीतलं पिंप द्रौपदाबाईचं, सहाव्या गल्लीतलं तिची धाकटी जाऊ ताईबाईचं, आणि पाच कंदील चौकाजवळचं बेबाबाईचं. पिंप आलं तशी पाठीवरचं पोतं गेलं होतं. पिंप गेलं तर पुन्हा पोतं घेऊन उकिरडे धुंडाळणं आलंच.

"तीन ठिकाणचा पसारा आम्हाला झेपत नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "एकत्रीकरण करू या."

"मंग मोजणी कव्हय शे, बाई?" द्रौपदाबाईने विचारलं.

बाईला एवढं कळतं म्हणून सुनंदाबाई खूश झाल्या. "सोमवारी. मी स्वतः येणार."

सुनंदाबाईंच्या डोक्यात तराजू होता. जिथे माल जास्त पडतो तिथे एकच पिंप ठेवायचं, बाकीची उचलायची. द्रौपदाबाईच्या डोक्यात होती जमीन मोजायची साखळी. तिच्या सासरी, पारोळ्याकडच्या गावात, शेतांचं एकत्रीकरण झालं होतं. ज्याचे चार ठिकाणी चार तुकडे, त्याला बदल्यात एका जागी एक तुकडा. सासरा झुलालआबा नेमका मोजणीच्या दिवशी एरंडोलला कुणाच्या लग्नात लाडू खात बसला, आणि वाट्याला आलं नाल्याकाठचं नापीक बरड. पुढे जन्मभर म्हातारा जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर एकच सांगायचा: मोजणीच्या दिवशी घर सोडू नये आणि आपली हद्द आपण दाखवावी.

बाहेर पडल्यावर द्रौपदाबाईने दोघींना गाठलं. "पिंप रिकामं करा, उलटं करीसन बाजूले ठेवा. जमीन उघडी दिसाले पाहिजे. चारी कोनले दगड लावा, चुना मारा. नही तं आपले बरड भेटी."

"मना बापनी कव्हय जमीन दखी नही, मी काय हद दखाडू?" बेबाबाई म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी भुसावळला बहिणीकडे निघून गेली. "जाऊ दे, तिनं नशीब," द्रौपदाबाई म्हणाली. तिला बेबाची कीवच आली.

ताईबाईने मात्र थोरल्या जावेचा शब्द झेलला. रविवारी दोघींनी पिंपं तळापर्यंत उपसली, होता नव्हता तो माल विकून टाकला, जमीन शेणाने सारवली, आणि पांढरेशुभ्र दगड कोपऱ्याकोपऱ्यांत बसवले.

सोमवारी सुनंदाबाई हातगाडी आणि तराजू घेऊन आल्या. द्रौपदाबाई धुतलेलं लुगडं नेसून हद्दीवर उभी होती.

"माल कुठाय?"

"माल कसाले, बाई? जमीन दखा ना."

सुनंदाबाईंनी जमिनीकडे पाहिलं, मग द्रौपदाबाईकडे, मग पुन्हा जमिनीकडे. "जागा फारच छान ठेवलीत हो," त्या गोंधळून म्हणाल्या. द्रौपदाबाईला वाटलं, लागली आपल्या जमिनीची प्रत वरची! सहाव्या गल्लीतही तसंच झालं. तराजू गाडीवरून उतरलाच नाही, तेव्हा तिच्या मनात एकदा पाल चुकचुकली. पण साखळी मागून येत असेल अशी तिने मनाची समजूत घातली. ताईबाईला हद्दीवर बसवून ती गाडीमागे निघाली.

पाच कंदिलाजवळ बेबाबाईचं पिंप उतू चाललं होतं. बाटल्या रस्त्यावर लोळत होत्या, एक गाय पुठ्ठा चघळत होती. द्रौपदाबाईला आतून हसू फुटलं. पण सुनंदाबाईंनी नाकाला पदर लावला आणि तराजू उतरवायला सांगितलं. एकामागून एक पारडी भरली.

"ठरलं तर," त्या म्हणाल्या. "एकत्रीकरण इथेच. बेबाबाई सांभाळतील. ती दोन रिकामी पिंपं उचलून आणा रे."

"आन आमना तुकडा?"

"कसला तुकडा?"

"जमीननी मोजणी..."

"जमीन? अहो, जमीन रस्त्याची आहे! कुणाकडे किती माल पडतो त्याची मोजणी. तुमच्याकडे तर लोक काहीच टाकत नाहीत."

"टाकतस, बाई! खूप टाकतस. कालच इकी टाकं बठ्ठं."

"मोजणीच्या आदल्या दिवशी सगळं विकलंत? का?"

द्रौपदाबाईने सांगायला तोंड उघडलं. सासरा, नाला, एरंडोलचं लग्न, सगळं एका दमात सांगता सांगता ती मधेच अडखळली. सासरा मोजणीला नव्हता म्हणून बुडाला. बेबा नव्हती म्हणून तरली. मग आपण हजर राहून काय केलं? दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकायला गेलं, तर फुंकरीनेच वाटी पालथी झाली. सुनंदाबाईंना तिचा चेहरा बघवेना, पण "आता ठरलंय हो," म्हणून त्या वळल्या.

द्रौपदाबाई सहाव्या गल्लीकडे निघाली. स्वतःचं पिंप गेलं याचं दुःख होतंच. त्याहून जास्त लाज वाटत होती. हातगाडी तिच्याआधी येऊन गेली होती. ताईबाई चार पांढऱ्या दगडांच्या मधोमध पदर सावरून बसली होती.

"अक्का, पिंप लयी गयात. आपला तुकडा कोठे निंघना?"

"कोठेच नही, ताई. आपले काहीच भेटनार नही. मी तुले चुकीचं सांगं."

ताईबाई हसली. जाऊ थट्टा करते आहे असंच तिला वाटलं. मग हळूहळू तिचं हसू विरलं.

"असं कसं, अक्का?" ती म्हणाली. "तुले तं बठ्ठं समजस."

आणि ती हद्दीतून उठेचना.