पाऊण तास

"विभामावशी, माझा रूम नंबर आला का?"

पर्णिका काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून उभी होती. विभावरीने संगणकावरची नजर काढली नाही. तिथे बघण्यासारखं खरं तर काही नव्हतं. बसच्या पासांची यादी उघडी होती आणि ती सकाळीच पुरी करून झाली होती.

"कसला गं रूम नंबर?"

"एक्स्ट्रा टाइमचा. उद्या पेपर आहे ना! मला सेपरेट रूम मिळणार होती. ईमेल येईल म्हणाला होतात, बट नथिंग केम."

"येईल गं. एक्झाम सेक्शनचा कारभार तुला माहितीये. आज येईलच, इन्शाल्ला."

बारा वर्षं अमिरातीत काढल्यावर इन्शाल्ला कुणाच्याही तोंडी बसतं. घराचा एसी दुरुस्त करणारा ते म्हणतो, बँकवाला म्हणतो, आणि अल नहदा वस्तीतल्या मराठी बायका गणपतीची वर्गणी मागतानाही म्हणतात. विभावरीनेही ते हजारदा म्हटलं असेल. पण धडधडीत खोटं झाकायला तिने ते आज पहिल्यांदाच वापरलं.

"थँक यू, मावशी. मी जाते लायब्ररीत," असं म्हणून पर्णिका गेली. तिचा अर्ज विभावरीच्या खालच्या खणात होता, चहाच्या पुड्यांच्या खोक्याखाली. तो एक्झाम सेक्शनला गेलाच नव्हता.

अजमानमधलं हे कॉलेज तसं लहान. बारावीत ज्यांचे मार्क जेमतेम आले, किंवा ज्यांना युनिव्हर्सिटीची फी झेपत नाही, अशी मुलं इथे दोन वर्षांच्या डिप्लोमाला येतात. त्यांच्यासाठी तळमजल्यावर विद्यार्थी सहाय्य कक्ष होता आणि त्याच्या पहिल्या टेबलावर विभावरी बसायची. बसचा पास हवा असो, गणिताची शिकवणी हवी असो, नोकरीचा अर्ज लिहून हवा असो की नुसतं कुणासमोर रडायचं असो, मूल आधी तिच्याकडे यायचं. या कामात ती चांगली होती. माणसाला नाही म्हणणं तिला जन्मात जमलं नव्हतं, आणि या टेबलावर तो गुण म्हणून खपून जायचा.

तीन आठवड्यांपूर्वी पर्णिका अशीच आली होती. पण त्या दिवशी तिने आत येऊन दार लावून घेतलं.

"आय रीड व्हेरी स्लो, मावशी," ती म्हणाली. "मला सगळं येतं. पण मी प्रश्न वाचेपर्यंत बाकीच्यांचं अर्धं लिहून होतं. अक्षरं एका जागी थांबतच नाहीत. शाळेत सगळे लेझी म्हणायचे. आईपण."

कॉलेजच्या समुपदेशकांनी तिला तपासणीला पाठवलं होतं आणि रिपोर्ट तिच्या हातात होता. तिला वाचनाची अडचण होती. बुद्धीत काही कमी नव्हतं. तीन तासांच्या पेपरला पाऊण तास जास्त द्यावा आणि वेगळ्या खोलीत बसवावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शिपिंगच्या कायद्याच्या पेपरात ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा झाली तर डिप्लोमातून नाव कटणार होतं. मग घरी बसून आईच्या डब्यांच्या धंद्यात भाज्या चिरायच्या, हे तिला वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

अर्ज विभावरीने भरला. ती एकेक ओळ वाचून दाखवायची आणि पर्णिका उत्तर द्यायची. "पालकांना कळवू नये" या ओळीपाशी मुलगी पटकन "येस, येस" म्हणाली आणि विभावरीने चौकटीत ठसठशीत खूण केली. पर्णिका एकोणीस वर्षांची होती. घरी सांगायचं की नाही, हे तिचं तिने ठरवायचं होतं.

आणि त्याच संध्याकाळी विभावरीने पर्णिकाच्या आईला, संध्याला, फोन केला.

यात तिला काही वावगं वाटलंच नाही, हीच तर मेख होती. ती खूण परक्यांसाठी असते, अशी तिची समजूत. संध्या काय परकी होती? एकाच टॉवरमध्ये दोघी राहत होत्या, ही सातव्या मजल्यावर, ती अकराव्या. विभावरीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा संध्याने दीड महिना दोन्ही वेळचा डबा पोचवला होता, आणि तोही कधी कालची भाजी आज न पाठवता. आपल्या माणसाची लेक एवढ्या धिटाईने एकटी आली, त्याचं कौतुक आईच्या कानावर घालायला नको? ती मोठ्या उत्साहाने म्हणाली, "संध्या, तुझी पोर शहाणी गं!"

दुसऱ्या दिवशी संध्या अळूवड्या घेऊन दारात.

"विभा, तो कागद पुढे पाठवू नकोस."

"अगं, तिच्या फायद्याचा आहे तो."

"फायद्याचा? एकदा रेकॉर्डवर लागलं की लागलं. उद्या नोकरीला विचारतील, परवा लग्नाला. मराठी मंडळात कळलं तर बायका मला समोरासमोर विचारतील, तुझ्या मुलीला काय झालंय म्हणून. तिला काही झालेलं नाही. मोबाइल सुटत नाही हातचा, बाकी काय!"

"रिपोर्ट तसं म्हणत नाही, संध्या."

"रिपोर्ट मला नको सांगूस. मी बोलते तिच्याशी. ती आपणहून अर्ज मागे घेईल. तू फक्त थांब चार दिवस. एवढं नाही करणार माझ्यासाठी?"

विभावरीला दीड महिन्याचे डबे आठवले. ती म्हणाली, "बरं, थांबते."

चार दिवसांचे आठ झाले. लिफ्टमध्ये संध्या भेटली की विभावरी मुद्दामच मुलीचा विषय काढायची नाही. बोलणं झालं का, असं विचारलं असतं आणि "नाही" उत्तर आलं असतं, तर अर्ज पाठवावा लागला असता. न विचारता दिवस ढकलणं सोपं होतं. परीक्षेच्या दहा दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे, असा नियम होता. मुदतीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता विभावरीने खण उघडला, कागदाकडे पाहिलं आणि खण लावून टाकला.

आता मात्र उद्यावर पेपर आला होता. जेवणाच्या सुट्टीत ती अर्ज घेऊन वर एक्झाम सेक्शनला गेली. तिथला मिथुन कोलकात्याचा, नियमाला पक्का पण मनाने वाईट नाही.

"मॅडम, ये तो दस दिन पहले चाहिए था."

"पता है. कुछ हो सकता है?"

"हो सकता है." त्याने एक छापील चिठ्ठी पुढे सरकवली. "देरी का कारण लिखिए. ऑफिस की गलती लिखेंगी तो नबिला मॅडम आज ही साइन कर देंगी, कल रूम मिल जाएगा. स्टूडेंट की गलती लिखेंगी तो खलास, अगली परीक्षा में देखेंगे."

चिठ्ठीवर फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या. विभावरी ती घेऊन खाली आली, पेन उघडून बसली आणि बसूनच राहिली. ऑफिसची चूक लिहायची म्हणजे कुणाची, हे विचारलं जाणार. अर्ज तीन आठवडे खणात का होता, हेही विचारलं जाणार, आणि मग चौकटीतली ती खूण निघणार. या नोकरीवर तिचा व्हिसा होता. पन्नाशीला टेकलेल्या बाईला दुसरी नोकरी कोण देणार होतं? चार वाजता विभागप्रमुख नबिला मॅडम टेबलापाशी थांबल्या.

"विभावरी, सब ठीक? आज बड़ी चुप हो."

"जी मॅडम, बस थोडा सरदर्द."

तेवढा एक क्षण तिच्या हातात होता आणि तो तिने डोकेदुखीवर घालवला. पाच वाजता कोरी चिठ्ठी पर्समध्ये टाकून ती बसने घरी निघाली. 

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, परीक्षेच्या हॉलवर माणसं कमी पडली आणि मिथुनने नेमकं विभावरीलाच पर्यवेक्षणाला उभं केलं. पर्णिका आत आली, तिला पाहून हसली आणि जवळ येऊन कुजबुजली.

"रूम नाही मिळाली ना?"

"नाही गं."

"इट्स ओके. तुम्ही ट्राय केलंत, मला माहितीये."

ती जाऊन तिसऱ्या रांगेत बसली. पेपर वाटले गेले. पहिला प्रश्नच दीड पानाचा होता, मालाच्या नुकसानीचा कसलासा खटला. पर्णिकाने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ओठ हलत होते. बोट ओळीच्या शेवटाला जायचं, मग परत त्याच ओळीच्या सुरुवातीला यायचं. शेजारचा मुलगा दुसरी पुरवणी मागत होता तेव्हा तिचं पहिलं पानही भरलं नव्हतं. मागे कुणी खोकलं की तिची ओळ हरवायची आणि ती पुन्हा वरून सुरू करायची. विभावरीने तीन तास हे पाहिलं. तिला हॉलभर फिरायचं होतं, पण तिसरी रांग सोडून पाय कुठे जाईनात.

घंटा झाली. पेपर गोळा करत विभावरी तिच्या बाकापाशी आली. पर्णिका मान खाली घालून भराभरा लिहीत होती.

"मावशी, दोन मिनिटं. मला हा येतो, खरंच येतो."

"पर्णिका, वेळ संपली."

तिने पेपर ओढला. मुलीने घट्ट धरला होता, मग सोडला. शेवटचे दोन प्रश्न कोरे होते.

हॉल रिकामा झाल्यावर विभावरी तिच्या मागोमाग गेली. पर्णिका पाण्याच्या मशीनपाशी तोंडावर पाणी मारत होती. आता आणखी थांबले तर आयुष्यात कधी बोलणार नाही, हे विभावरीला पक्कं कळलं.

"मी तुझा अर्ज पाठवलाच नव्हता, पर्णिका. तीन आठवडे माझ्या खणात होता."

पर्णिका तिच्याकडे वळली. "व्हाय?"

"तुझ्या आईने थांबवायला सांगितलं. मला तिला नाही म्हणवलं नाही."

"आईला कसं कळलं?"

विभावरीने मान खाली घातली. 

"ती टिक तुम्हीच केली होतीत," पर्णिका हळूच म्हणाली. "मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं. फर्स्ट टाइम. आणि तुम्ही." तिचं वाक्य तिथेच राहिलं. तिने ओढणीने तोंड पुसलं आणि ती जिन्याकडे चालू लागली.

विभावरी तिथून थेट नबिला मॅडमच्या खोलीत गेली. फोन, अळूवड्या, खण, कोरी चिठ्ठी, सगळं सांगितलं. सांगताना स्वतःची बाजू मांडायचा मोह तिला दोनदा झाला आणि दोन्ही वेळा तिने तो गिळला. 

"बच्चे उस कमरे में इसलिए आते हैं कि बात उसी कमरे में रहे," मॅडम म्हणाल्या. "तुमने वही तोड़ दिया, विभावरी."

चूक ऑफिसची ठरली, त्यामुळे पर्णिकाचा तो पेपर रद्द धरून तिला नव्याने परीक्षा मिळाली, पाऊण तास आणि वेगळ्या खोलीसकट. विभावरीची नोकरी राहिली. मात्र तिला त्या टेबलावरून उठवून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. तिथे कुणी मूल येत नसे.

संध्याचा फोन पुढच्या आठवड्यात आला.

"पोरगी माझ्याशी बोलत नाही, विभा. आठ दिवस झाले. घरात असून नसल्यासारखी. तुला सांगायची काय गरज होती तिला?"

"तिचं नुकसान झालं होतं, संध्या."

"आणि माझं? तुझ्यासाठी मी काय काय केलं, आणि तू हे केलंस?"

 एकीची भीड राखायला गेली आणि दोघींनाही दुखावून बसली, एवढंच तिला दिसत होतं.  आता लिफ्टमध्ये संध्या असली की ती जिन्याने जायची, सात मजले, मणक्याचं ऑपरेशन झालेलं असूनही.

फेरपरीक्षेच्या दिवशी एका फायलीवर सही घ्यायला विभावरी दुसऱ्या मजल्यावर गेली. मुख्य हॉलमधली मुलं केव्हाच सुटली होती आणि मजला सामसूम होता. कोपऱ्यातल्या लहान खोलीच्या दाराला काच होती. आत भिंतीपाशी एक पर्यवेक्षक बाई बसली होती आणि टेबलाशी, दाराकडे तोंड करून, पर्णिका. तिचा पाऊण तास चालू होता.

तिथे थांबायचं नाही, असं विभावरीने ठरवलं होतं. तरी ती थांबली. मुलगी ओळीखाली बोट सरकवत सावकाश वाचत होती. घाई नव्हती. एक ओळ वाचून झाली की ती मान वर करायची, क्षणभर विचार करायची आणि लिहायची. पुरवण्यांचा चांगला जाडसर गठ्ठा झाला होता. विभावरीचे डोळे भरून आले.

एकदा अशीच मान वर झाली आणि पर्णिकाला ती काचेपलीकडे दिसली. विभावरीचा हात आपोआप छातीपर्यंत उचलला गेला. पर्णिकाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही नव्हती. तिने बाईंना काहीतरी विचारलं. बाईंनी मान हलवली. मग ती उठली, खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली, दाराकडे पाठ करून बसली आणि प्रश्नपत्रिका फिरवून घेऊन राहिलेली ओळ शोधू लागली.