पेन्सिलीतला शेरा

संसदेनं कायदा करून आमचं अपघात चौकशी प्राधिकरण उभं केलं. चौकशी अधिकाऱ्यानं सही केली की अहवाल जाहीर. मंत्र्याला विचारायचं नाही, कुणाच्या बापाला विचारायचं नाही! आणि आमची रीत काय? सहीआधी मसुदा मंत्रालयात 'नजरेखालून घालायला' पाठवायचा. तो पेन्सिलीचे शेरे घेऊन परत येतो. पेन्सिल का, तर खोडता येते. मग आम्ही मुकाट्यानं तसं टाइप करतो.

यंदा बंदरातली एक क्रेन रुळांवरून घसरत गेली आणि चालकासकट पाण्यात पडली. चालक गेला. चौकशी अधिकारी मीच. मी स्वतः ब्रेक तपासले. पार झिजलेले. तसंच लिहिलं. मसुदा परत आला तेव्हा त्या ओळीवर काट, शेजारी बारीक अक्षरात 'चालकाचा हलगर्जीपणा'.

बाहेर बाकावर त्या चालकाची बायको बसली होती. तिच्या मुलीला शाळेत चिडवत होते, 'तुझ्या बाबांनी क्रेन बुडवली'. पोरीनं शाळाच सोडली होती. माझं डोकं फिरलं. तशीच अध्यक्षांच्या खोलीत घुसले.

"साहेब, मेलेल्या माणसाच्या माथी मारायचं?"

"बाई, हळू बोला. क्रेन मंत्रालयानंच घेतल्यात. स्वायत्त आहोत म्हणून काय त्यांच्याशी वाकडं घ्यायचं?"

"मग स्वायत्त ते कशाला? दारावर पाटी लावायला?"

ते चष्मा पुसत बसले. मी त्यांच्याच टेबलावर मूळ मसुद्यावर सही ठोकली, जावक नोंदवहीत चढवला आणि एक प्रत बाहेर नेऊन तिच्या हातात दिली.

तिनं पान दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, मी जरा फुशारले होते. आता ही हात धरेल, रडेल, असं वाटलं.

"ताई, हे तुमच्या एका सहीनं झालं?"

"हो. कायदाच तसा आहे."

"मग गेल्या वर्षी? पलीकडच्या धक्क्यावर अशीच क्रेन घसरली, ह्यांचा मित्र गेला. तेव्हाही तुम्हीच आला होतात. तेव्हाही ब्रेकच झिजले होते ना?"

"हो."

"तेव्हाच अशी खऱ्यावर सही केली असती, तर सगळ्याच क्रेनचे ब्रेक बदलले असते. हे आज कामावरून घरी आले असते."

"हो," मी म्हणाले.