राहून गेलेला नवस

खुशालरावानं सालबर्डीच्या महादेवाकडं पोरगा मागितला तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या. नवस फेडायला तो घरून निघाला तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि पोरगा उरला नव्हता.

नवस साधा होता. लग्नाला नऊ वर्षं होऊनही तानुबाईची कूस उजवली नव्हती. 'लेकरू दे, त्याला पायी तुझ्या दारात आणतो,' एवढंच तो बोलला होता. वर्षाच्या आत सदाशिव झाला. पहिल्या वर्षी लेकरू अंगावर पितं म्हणून जाणं राहिलं, मग बैल मेला म्हणून राहिलं, मग नुसतंच राहिलं. शिवरात्र यायची ती ऐन कापसाच्या गाड्या भरायच्या दिवसांत. त्यात साता समुद्रापार कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पूर्णेकाठच्या त्या गावात लोकांनी ज्वारीची वावरं मोडून कपाशी पेरली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. दर माघात तानुबाई आठवण द्यायची आणि दर माघात खुशालराव म्हणायचा, "औंदा कापूस जाऊ दे. देव कुठी पळून जाते काय?"

देव पळाला नाही. सदाशिव कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेला. बाजारात पाच दिवस गाड्यांची रांग हलेना, आणि तिथंच पटकीची साथ पसरली. सोबतच्या गाडीवानांनी त्याला तिथंच अग्नी दिला आणि रिकाम्या गाडीतून त्याचं पागोटं न् जोडे घरी आणले. मागं राहिली त्याची बायको सुभद्रा आणि तीन वर्षांची कौशी.

"देवाचं चुकवलं," तानुबाई त्या दिवशी म्हणाली. पुन्हा कधी म्हणाली नाही. पण खुशालरावाच्या कानात ते रोज वाजत राहिलं.

दीड वर्ष गेलं. सुभद्रेच्या भावानं मोर्शीकडचं एक स्थळ आणलं. नत्थुजी नावाचा गडी, बायको बाळंतपणात गेलेली, लेकरू नाही. कुणब्यांत विधवेचा पाट लावायची रीत होतीच. पंच बसले आणि ठरलं: सुभद्रेनं खुशाल जावं, पोर मात्र सदाशिवचं रक्त, ती आजाच्या घरी राहील. सुभद्रा पदर पुढं ओढून भिंतीशी बसली होती.

नत्थुजी शिवरात्रीच्या जत्रेला सालबर्डीला येणार होता. "मीच नेतो तिले," खुशालराव म्हणाला. "माहा नवसबी राह्यला हाय. सदू नाही त त्याची पोर तरी देवाले दाखवतो."

तानुबाईचे गुडघे धरलेले, तिला अंगणाबाहेर जाणं होत नव्हतं. निघताना तिनं नवऱ्याची बाही धरली. "नातीले परत आणजा. मले दुसरं काई नोको."

तिघं पायी निघाले. पूर्णा उतरून एलिचपूर, तिथून चांदूर बाजार, मग मोर्शी. काळ्या मातीला भेगा पडल्या होत्या. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या दोन्ही अंगांना वाळून उभ्या होत्या. खुशालराव पासष्टीच्या पुढचा. कोसभर चाललं की झाडाखाली बसावं लागे. आयुष्यभर तो गाडीत बसून बाजाराला गेला होता. आपल्या मुलखात किती झाडं आहेत हेसुद्धा त्याला आता, पाय सुजल्यावर कळत होतं.

वाटेत एक गोष्ट त्याला खटकत गेली. सुभद्रा पोरीला हात लावेना. लुगड्याचा फाटका तुकडा नेसायचा तर कौशीनं स्वतः नेसायचा. तोंड स्वतः धुवायचं, भाकर स्वतः मोडायची. चांदूर बाजारच्या विहिरीवर कौशी आपल्याच केसांशी झुंजत बसली होती. तीन पेड तिच्या बोटांत मावत नव्हते, आणि माय शेजारी बसून नुसती पाहत होती.

खुशालराव चिडला. "अवं, साडेचार वर्साचं लेकरू ते! काहून छळून राहिली तिले?"

"शिकू द्या, मामाजी," सुभद्रा म्हणाली, आणि तिनं तोंड फिरवलं.

नव्या संसाराची घाई झाली, बाई दगडाची झाली, असं त्यानं मनात धरलं. पुढचे दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही.

सहाव्या दिवशी सातपुड्याचा डोंगर समोर आला. खाली नदीच्या वाळूत जत्रा भरली होती, आणि माणसांची माळ डोंगर चढत होती. वाट म्हणजे नुसते धोंडे. अर्ध्यावर कौशीच्या पायाला फोड आला आणि ती बसली. तिला उचलायला खुशालराव वाकला, तर त्याच्याच्यानं सरळ होता येईना.

"तुमी जाऊन या," सुभद्रा म्हणाली. "आमी अथीच झाडाखाली बसतो."

तो एकटाच वर गेला. काही जागी हातांनी धरून, काही जागी बसत बसत. गुहेचं तोंड ठेंगणं, वाकून आत शिरावं लागलं. आत गारवा होता, पाणी ठिबकत होतं, एक दिवा होता. घरून निघताना त्यानं देवाशी भांडण बांधून आणलं होतं. शब्द न् शब्द ठरला होता. समोर आल्यावर त्यातलं काहीच आठवेना.

"नवस कोणाचा?" पुजाऱ्यानं विचारलं.

"पोराचा."

"पोरगा कुठी हाय?"

"मागं राह्यला," खुशालराव म्हणाला.

पुजाऱ्यानं नारळ फोडला, अर्धा हातात दिला. मागून लोक ढकलत होते. एका चुकलेल्या फेरीसाठी पोटचा पोर नेणारा देव असेल, तर तो गावच्या पाटलाहून कोता. आणि तसा नसेल, तर सदू कशानं गेला याला उत्तरच नाही. दोन्हींतलं कोणतं बरं, हे म्हाताऱ्याला कळेना. डोकं टेकून तो बाहेर आला.

उतरताना झाडाच्या मागच्या अंगानं वाट होती. मायलेकी त्याला पाठमोऱ्या दिसल्या. कौशीचे हात डोक्यामागं केसांत होते.

"आजीले सांजचं दिसत नाही," सुभद्रा सांगत होती. "तिचा हात धरून तिले आंगणात नेजो. भूक लागली त मांगजो, लाजू नोको. वेणी नाहीच जमली त आजीपाशी जाजो, पण रडत जाऊ नोको. रडली त आजीले तुहा बाबा आठवन."

"अन् तू कवा येशीन?"

सुभद्रा म्हणाली, "आधी वेणी घाल."

खुशालराव धोंड्याला धरून तिथंच खाली बसला. सहा दिवसांची वाट त्याच्या डोळ्यांपुढून उलटी गेली. ती विहीर, ती भाकर, आणि तो आपण धरलेला अबोला. बऱ्याच वेळानं तो खोकला, आणि जणू आत्ताच आलो असं दाखवून पुढं झाला.

खाली वाळूत नत्थुजी गाडी घेऊन उभा होता. रुंद हाडाचा, कमी बोलणारा माणूस. खुशालरावानं त्याला बाजूला नेलं.

"पोरीले ठेवशीन?"

नत्थुजी गडबडला. "पंचाईनं त..."

"पंचाईचं मी पाहीन. तू तुहं सांग."

नत्थुजीनं लांब उभ्या पोरीकडं पाहिलं. "ठेवीन, बुवा. पण मी तिचा बाप नाही. मोठी झाल्यावर तिनं इचारलं त काय सांगू?"

"खरं सांगजो," खुशालराव म्हणाला. "सदाशिव नाव सांगजो."

खुशालरावानं कौशीला हात देऊन गाडीत चढवलं तेव्हा सुभद्रेला आधी कळलंच नाही. कळलं तशी ती वाळूत बसली आणि तिनं सासऱ्याचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले. सदाशिव गेल्यावरही ती अशी रडली नव्हती.

"आजीले काय सांगू, माय?" त्यानं नातीला विचारलं.

"सांगजा, वेणी येते."

परतीला त्याला आठ दिवस लागले. तानुबाई चुलीपुढं होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या मागं पाहिलं.

"पोट्टी?"

"तिच्या मायजवळ हाय."

परडीत दोन भाकरी थापून ठेवल्या होत्या, आणि एक तळहाताएवढी. नातीची वाट पाहत रोजच ती एक थापत असावी. तानुबाई भिंत धरून उठली, ती लहान भाकर गाईपुढं टाकून आली आणि नवऱ्याला ताट वाढलं. ती भांडली नाही. भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "माय जवळ असली पायजे लेकराले," असं तो तिला दोनदा सांगून बसला. दोन्ही वेळा ती "हो" म्हणाली, आणि विषय तिथंच मेला.

श्रावणात ती तापानं पडली. शेवटच्या दोन दिवसांत तिनं कौशीला बोलावलं. मोर्शीकडं माणूस धाडला, पण नदीनाल्यांना पूर होते. नत्थुजी पोरीला घेऊन पोचला तो तेरवी होऊन गेल्यावर. सुभद्रा पोटुशी होती, ती आली नाही. नत्थुजी ओसरीवर बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "उशीर झाला, बुवा."

कौशी त्याच्या धोतराला धरून उभी होती. तिला तहान लागली होती. खुशालरावानं रांजणातून गडवा भरून दिला. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारं हाय," ती नत्थुजीला म्हणाली.

पूर्णेच्या खोऱ्यात विहिरींचं पाणी खारंच. याच पाण्यावर ती रांगती झाली होती. नत्थुजी ओशाळला. "पी माय, आपल्याच घरचं हाय."

"राहू दे," खुशालराव म्हणाला. त्यानं आतून गुळाचा खडा आणला, पाण्यात चुरगाळला, आणि ती पिऊन होईस्तोवर गडवा खालून धरून ठेवला.

तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली तशी ती दोघं निघाली. खुशालराव शिवेपर्यंत गेला आणि तिथूनच वावरात निंदायला उतरला. कपाशीत गवत फार झालं होतं.