म्हणे फळी कुजली

मला चौकशा फार. आई म्हणायची, झाकलेलं भांडं दिसलं की हिचे हात शिवशिवतात. लग्न झालं ते घड्याळजीशी, म्हणजे ज्याच्या टेबलावर सगळं उघडलेलंच असतं. मग खोड जाणार कशी? म्हणून "होडीची मागची फळी आतून कुजलीय" असं ह्यांनी सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं, "न उघडता कसं कळलं हो?"

"कळतं," हे म्हणाले आणि चहात बिस्किट बुडवत बसले.

आमची होडी शिडाची, लहानशी. धक्क्यावरचे लोक ह्यांना कप्तान म्हणतात, अर्धं कौतुकानं, अर्धं चेष्टेनं. वारा असला की कप्तानाची ऐट बघावी. वारा पडला की वल्ही. गेल्या वर्षी ह्यांचा उजवा खांदा आखडला, आणि तेव्हापासून दर रविवारी वल्ही माझ्या हातात आली. आता मी काही मुकाट्यानं वल्हवणारी बाई नव्हे. "या वयात माझं हे काय चाललंय", "पाठीचा भुगा झाला", "लोक रविवारी झोपतात हो", हे सगळं वल्ह्याच्या तालावर चालू असतं.

मग एकदा वारा पडला तो पडलाच. त्यात ओहोटी. शेवटी मासेमारीच्या एका लाँचनं दोर लावून आम्हाला परत आणलं. लेकीनं फोनवर निकालच दिला. "बाबा, एक तर मोटर बसवा, नाहीतर होडी विका. आईला किती राबवणार? मोटर असली की एकटे जा, एकटे या."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. दुकानात मीच गेले. दुकानदारानं दोन मोटरी दाखवल्या, त्यातली एक मी घेतली. खोकं बैठकीच्या कोपऱ्यात येऊन पडलं, पण ह्यांनी ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही. घड्याळजी माणूस, आणि घरात आलेलं नवं यंत्र उघडत नाही! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग सुरू झाली कारणं. आधी म्हणे हवा दमट आहे, इपॉक्सीचा गोंद वाळणार नाही. मग ब्रॅकेट लहान आहे. ब्रॅकेट बदलून आणला, तर मग ही फळी. मोटर ज्या ब्रॅकेटवर लटकते, तो होडीच्या मागच्या उभ्या भिंतीला बोल्टनं बसवतात. ही भिंत म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि त्यांच्या मधे लाकडाची फळी. मोटरचं ओझं तिला एकटीला पेलत नाही, म्हणून आतून प्लायवुडचा जाड तुकडा चिकटवायचा. कोटाच्या जड बटणामागे आतून छोटं बटण टाकतात ना, तसंच. एवढं मला कळलं होतं.

"पण मधलं लाकूडच गेलं असेल तर सगळी भिंत कापावी लागेल," हे म्हणाले. "नकोच ती भानगड. विकून टाकू होडी."

विकून टाकू? लेकीच्या बारशापेक्षा होडीला रंग देताना जास्त हळवा झालेला हा माणूस!  माझं कुतूहल काही गप्प बसेना.

शनिवारी होड्या दुरुस्त करतात त्या यार्डात गेलो. होडी टेकूंवर उभी होती. मागच्या खणात ह्यांना खांद्यामुळे शिरता येत नाही, म्हणून कपाळाला टॉर्च बांधून मी शिरले. आत ओल्या दोरांचा वास, आणि मी घरभर शोधलेला माझा जुना चष्मा.

"हातोडीच्या दांड्यानं ठोक," बाहेरून आवाज आला. "ठणठणीत वाजलं तर लाकूड चांगलं. बद्द वाजलं तर कुजलेलं."

मी ठोकलं. ठक. कोपऱ्यात ठोकलं, पाणी साचतं तिथे खाली ठोकलं. ठक, ठक, ठक. कुठेच बद्द नाही.

"कसं वाजतंय?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"बाहेर नीट कळत नाही गं."

पलीकडच्या खोलीतलं घड्याळ मागे पडतंय हे टिकटिकीवरून ओळखणारा माणूस हा!

"ड्रिल द्या इकडे," मी म्हटलं. "ब्रॅकेटची भोकं पाडायचीच आहेत, त्यातलं एक आत्ता पाडते."

ड्रिल यायला जरा वेळच लागला. आधी फायबरची पांढरी भुकटी पडली, मग भुसा. मी तो मुठीत धरला, उलट्या पावली बाहेर आले आणि ह्यांच्या नाकाखाली मूठ उघडली. कोरडा, पिवळाधमक, सुताराच्या दुकानासारखा वास येणारा भुसा.

"हे कुजलेलं?"

ह्यांनी चिमूट घेऊन चोळली. "चांगलं आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मग हे नाटक कशाला? मोटर नको तर नको म्हणा ना सरळ!"

हे बुटांकडे बघत राहिले. "मोटर बसली की तू यायची नाहीस. का येशील? दर रविवारी बोलतेसच की. मला नाही गं एकट्यानं जायचं. त्यापेक्षा होडी विकलेली बरी."

 एवढा संसार करून हा माणूस माझी कुरकुर खरी मानून बसला होता! राग आला, आणि रडूही आलं.

"प्लायवुड कापून आणा," मी एवढंच म्हणाले.

पुठ्ठ्याचा साचा काढून ह्यांनी डाव्या हातानं तुकडा कापला. मी आतली भिंत घासली, इपॉक्सी लावली, क्लॅम्प आवळले. ती पक्की वाळल्यावर बोल्ट. बाहेर हे स्क्रू ड्रायव्हर धरून, आत मी पाना धरून. या कामाला माणसं दोन लागतातच.

होडी पाण्यात उतरली, तेव्हा कुठे ह्यांनी मोटर खोक्यातून काढून ब्रॅकेटवर चढवली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली.

"हिचं बटण कुठाय?"

"बटण नाही. दोरी आहे."

ह्यांनी दोरीची मूठ धरली, जरा ओढली आणि कळवळून खांदा धरला. "अगं, मला कशी ओढता येणार ही? दुकानात बटणाची नव्हती?"

"होती की. हिच्या शेजारीच होती."

"मग?"

"मग काय मग? तुम्हाला एकट्याला सोडायचं असतं, तर ती नसती घेतली? सरका."

हे सरकले.  मी दोरी ओढली. तिसऱ्यांदा ओढल्यावर मोटर सुरू झाली.

"लोक रविवारी झोपतात हो," मी म्हणाले.