पांढऱ्या रविवारानंतरचा खोकला

मित्रांनो, मी फार दमलो आहे. सांगता सांगता घरघरलो तर सांभाळून घ्या. सामोआतल्या एका छोट्या दवाखान्यातला मी जुना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. खोलीतली हवा ओढायची, गाळायची आणि धापा टाकणाऱ्या बाळाला प्राणवायू पुरवायचा, हे माझे काम.

पूर्वी खोकल्याचे दिवस आले की मला उसंत नसे. मग जगभर साथ पसरली. बेटाने विमाने-बोटी बंद केल्या, आणि काय नवल, मुलांचा नेहमीचा सर्दीखोकलाही नाहीसा झाला! खाटा ओस पडल्या. नर्स पेनिनाने मला कोपऱ्यात सरकवले. शेजारच्या टिलेसा आजीने तर माझ्यावर जाड भरतकामाचा रुमाल पांघरला आणि वर फुलदाणी ठेवली.

"दमलंय बिचारं, झोपू दे त्याला," ती म्हणाली.

खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटले. पण माझ्या नाकातल्या जाळीवर धूळ साचत गेली आणि तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

दोनेक वर्षांनी विमाने सुरू झाली. पाठोपाठ पांढरा रविवार आला, म्हणजे आमच्या मुलांचा सण. पांढऱ्या कपड्यांतली मुले चर्चमध्ये पाठांतर म्हणतात आणि त्या दिवशी मोठी माणसे त्यांना आधी वाढतात. ऑकलंडहून आलेल्या नातलगांनी आजीच्या दीड वर्षाच्या नातवाला, इओनेला, हातोहात फिरवले. आमच्याकडे माया करायची म्हणजे गालाला नाक लावून हुंगायचे. एका मावशीला सर्दी होती. इओनेच्या वयाच्या बाळांनी तर जन्मात सर्दी पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात दवाखाना भरला. इओनेच्या फासळ्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळे पडले होते. पेनिनाने रुमाल फेकून मला चालू केले. लाल दिवा लागला आणि मी नुसता किंचाळलो. मलाच श्वास घेता येईना!

"अगं, हे असं का बोंबलतंय?" आजी रडकुंडीला आली.

"नाक झाकलंत तुम्ही त्याचं, आणि मी मेलीनंही बघितलं नाही! बाळाला उभं धरा, आजी!"

पेनिनाने माझी जाळी उपसली, नळाखाली खळखळून धुतली, टॉवेलात दाबून पुन्हा बसवली. तेवढा वेळ इओनेची छाती धपापत होती, आणि मी, प्राणवायूचे यंत्र, हवेने भरलेल्या खोलीत लाचार उभा होतो. मग माझी घरघर सुरू झाली. हळूहळू त्याचे ओठ गुलाबी झाले. लगेच दुसरे बाळ आले, मग तिसरे. तेव्हापासून मी थांबलेलो नाही.

इओने बरा झाल्यावर घरी निघताना आजी सवयीने त्याच्या गालाशी वाकली.

"आजी! नाक वाहतंय तुमचं!" पेनिना ओरडली.

"जळली मेली सवय!" आजी झटकन मागे झाली. भरतकामाचा तोच रुमाल तिने स्वतःच्या नाकातोंडाला बांधला आणि वाकून नातवाचा तळपाय हुंगला. इओने खिदळला.

मित्रांनो, मला फुलदाणी नको. कोणी खोकत नसेल तेव्हाही माझी जाळी धुवा. आणि तुम्हाला सर्दी असेल, तर बाळाचा गाल राहू द्या. तळपायावरही माया करता येते.