यमुनाकाकीचं दहाचं नाणं

“हे कोणी ठोकलं?”

हरिश्चंद्र मास्तर खाडीवरच्या तरीच्या धक्क्यावरच्या खांबापाशी उभे होते, आणि मी चिल्लरचा डबा उगाच हलवत होतो. मास्तर मुंबईच्या शाळेत शिकवायचे. यंदा मे महिन्यात गावी आले ते नवा नाद घेऊन. टांकसाळीत चुकून बिघडलेली नाणी शोधायची, म्हणून दुपारभर माझी चिल्लर पालथी घालत बसले होते. डब्यात काही मिळालं नाही, तेव्हा त्यांची नजर खांबाकडे गेली.

ही तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, आमच्या घरची; मी तीच चालवतो. खोटं नाणं खांबाला ठोकायची रीत माझ्या बापापासूनची. नाणं आधी धक्क्याच्या दगडावर वाजवायचं, बद्द वाजलं की खिळा. नवे पैसे आले तेव्हा लोकांना सगळंच खोटं वाटायचं, आणि माझ्या कानावर साऱ्या गावाची भिस्त होती. मला त्याचा माज होता, हे आता कबूल करतो.

मास्तरांनी खिळ्यावर सैल झालेलं ते नाणं उचलून मागूनही बघितलं. पुढच्या बाजूला सिंह होते. मागे दहा पैशांचा आकडा असायचा, तिथेही सिंहच, पण उलटे आणि आत दबलेले. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि त्याच्यावरच पुढचं दाबलं गेलं की असं होतं, असं मास्तर म्हणाले.

“खोटं पाडणारा आधी दहाचा आकडा पाडील, सत्यवान. तोच कसा विसरेल?”

ते नाणं यमुनाकाकीचं होतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. काकी मासळीची पाटी घेऊन पलीकडच्या गावांत विकायला निघाली होती. होडी माणसांनी भरलेली. नाण्याला आकडा नाही बघून मी मोठ्यानं म्हणालो, खोटा आसा. मग रीत म्हणून दगडावर टाकलं.

ते खणखणीत वाजलं. मी ऐकलं. पण तोंडातून शब्द गेला होता आणि वीस माणसं माझ्याकडे बघत होती.

“बरा तर वाजला, सत्यवाना,” काकी म्हणाली.

“तुज्यापेक्षा माका जास्त कळता,” म्हणून मी हातोडी घेतली.

त्या दिवसापासून बाजारात तिला ‘खोट्या दहाची यमुना’ म्हणू लागले. ती तरीवर पुन्हा आली नाही. ओहोटीला वरच्या अंगाला उतार मिळतो, तिथून डोक्यावर पाटी घेऊन कंबरभर पाण्यातून जायची. मी होडीतून बघायचो. म्हातारी पैसे वाचवते, असं स्वतःला सांगायचो.

मास्तर गेल्यावर मी खिळा उपटला. संध्याकाळी काकीच्या दारात गेलो. ती बांगड्यांना मीठ लावत बसली होती. भोक पडलेलं नाणं मी तिच्यासमोर ठेवलं.

“नाणा खरा होता, काकी. आणि त्या दिसा बरोबर वाजला होता. माका आयकाक इला होता.”

“माका पण इला होता,” ती म्हणाली. हात थांबला नाही.

मी जायला वळलो, तेव्हा म्हणाली, “माज्या लेकान, लवून दिल्यान ता. पयल्या पगारातला. तू खोटा म्हटलंस, तसा मी तेका इचारलंय, आयशीक खोटा नाणा दिलंस? तेवापासून तो घराक येवक नाय.”

तिला लेकरू तेवढं एकच.

तिनं हात धुतले, नाणं पदराच्या गाठीत बांधलं आणि मला पत्र लिहायला बसवलं. काय लिहू विचारलं, तर म्हणाली, नाणा खरा होता, इतक्याच लिव. खाली माझं नाव मीच घातलं, आणि चूक माझी होती असंही. लवूचं उत्तर अजून आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी तरीवर आली. होडीतली माणसं वळून बघू लागली. मी पैसे नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही. पाटी खाली ठेवली, कमरेची पिशवी सोडून दुसरं एक दहाचं नाणं काढलं, आणि मला देण्याआधी वाकून स्वतःच दगडावर टाकलं.

“बरा वाजला?”

“बरा वाजला,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

अजूनही ती रोज वाजवते, रोज विचारते. मी रोज सांगतो.